डिशवॉशर घेताय? घरातलं सर्वांत मोठं ताट बरोबर न्या

"कढई निघते का?" डिशवॉशरच्या दुकानात मराठी गिऱ्हाईक बहुतेक वेळा हाच प्रश्न पहिला विचारतं. विक्रेता "हो" म्हणतो आणि ते खोटंही नसतं. स्टीलची कढई छान निघते. बिडाची कढईही निघते, पण तिचं तेल निघून जातं आणि ती गंजते. ॲल्युमिनियमची असेल तर काळवंडते. कढई कशाची, हे विक्रेत्यानं विचारलेलं नसतं आणि गिऱ्हाइकानंही सांगितलेलं नसतं.

असेच आणखी काही प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. बोअरचं पाणी चालेल का? आठ सेटिंगचं घ्यावं की चौदा? वीज किती खाईल? भांड्यांच्या मावशींना बंद करता येईल का? यांतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं माहितीपत्रकात सापडत नाहीत. ती तुमच्या सिंकमध्ये, ओट्याखाली आणि गच्चीवरच्या टाकीत असतात. म्हणून दुकानात जाण्याआधी घरात तासभर घालवा.

या यंत्राची सुरुवातही मोजमापानंच झाली होती. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रेन यांनी आपल्या प्लेटा आणि कपबशा मोजल्या, त्या मापाचे तारेचे कप्पे केले आणि त्यांवर जोरानं पाणी मारायची सोय केली. 1886 मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं झळकली. आजच्या जाळ्याही मुळात प्लेटा-कपबशांसाठीच आखलेल्या असतात. वाट्या, पातेली आणि परात त्यात बसवायची, तर मोजमाप आपल्यालाच करावं लागतं.

पायरी 1 : आठवडाभर सिंकवर नजर ठेवा

घासायला पडणाऱ्या भांड्यांचे तीन गट करा.

*यंत्रात निर्धास्त घालण्याजोगी*
- स्टीलची ताटं, वाट्या, पेले, चमचे, डाव, पळ्या, झारे, डबे
- स्टीलची पातेली, स्टीलचा कुकर (झाकणाची शिट्टी आणि रबरी रिंग काढून)
- काचेची आणि चिनी मातीची भांडी

*जपून, वरच्या जाळीत किंवा उत्पादकाची खूण पाहून*
- प्लास्टिकचे डबे
- नॉनस्टिक भांडी
- मिक्सरची भांडी; पात्याखालच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलं तर ते कायमचं बिघडतं

*अजिबात नको*
- लोखंडी तवा, बिडाची कढई, आप्पेपात्र
- ॲल्युमिनियमचा कुकर, मोदकपात्र, परात
- हार्ड ॲनोडाइज्ड भांडी (उत्पादकानं तशी मुभा दिली नसेल तर)
- तांब्या-पितळेची भांडी, पितळी सोऱ्या, कल्हईची पातेली
- पोळपाट-लाटणं, लाकडी उलथणं, लाकडी मुठीच्या सुऱ्या
- थर्मास

तिसऱ्या गटातली भांडी यंत्राला झेपत नाहीत असं नाही. यंत्राची पावडर चांगलीच अल्कधर्मी असते आणि पाणी 50 ते 70 अंशांपर्यंत तापतं. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर त्यात विरघळतो आणि बिडाला मुरलेलं तेल निघून जातं. लाकूड फुगतं, मग तडकतं.

आठवड्याच्या शेवटी हिशेब करा. निम्म्याहून अधिक भांडी तिसऱ्या गटात असतील, तर यंत्र घेण्याआधी भांडी बदलावी लागतील, आणि तो खर्चही यंत्राच्या किमतीत धरायला हवा. बहुतांश भांडी स्टीलची असतील, तर पुढच्या पायरीकडे वळा.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तरही याच यादीत आहे. लोखंडी तवा, ॲल्युमिनियमची परात व कुकर आणि देवाची भांडी हातानंच घासायची आहेत. अनेक घरं त्यामुळे मधला मार्ग काढतात. रात्रीची भांडी यंत्रात जातात आणि सकाळची मोजकी भांडी मावशींकडे राहतात.

पायरी 2 : ‘सेटिंग’च्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर 8, 12, 14 असे आकडे असतात. ते माणसांचे नाहीत. हे माप युरोपातलं आहे. एका सेटिंगमध्ये जेवणाची प्लेट, सूपची खोलगट प्लेट, छोटी प्लेट, कपबशी, पेला आणि काटे-चमचे-सुरी धरतात. त्यात पातेलं आणि कढई बसतीलच असं नाही. त्यामुळे ‘14 सेटिंग’ म्हणजे चौदा माणसांची पंगत नव्हे. चौघांच्या घरातली दोन्ही वेळची ताटं-वाट्या आणि स्वयंपाकाची भांडी मिळून ते यंत्र सहज भरतं.

बाजारात प्रामुख्यानं तीन आकार मिळतात.

- ओट्यावरचं छोटं यंत्र (6 ते 8 सेटिंग): एकट्या-दुकट्यासाठी किंवा भाड्याच्या घरासाठी. याची रुंदी साधारण 55 सेंटिमीटर असते. मोठी पातेली बसत नाहीत आणि ओट्याचा मोठा तुकडा कायमचा अडतो.
- अरुंद यंत्र (45 सेंटिमीटर रुंद, 8 ते 10 सेटिंग): जागा खरोखरच नसेल तरच. खालच्या जाळीत एक मोठं पातेलं आलं की बाकीच्यांना जागा उरत नाही.
- पूर्ण आकाराचं यंत्र (60 सेंटिमीटर रुंद, 12 ते 16 सेटिंग): तीन किंवा अधिक माणसांच्या आणि रोज दोन्ही वेळ स्वयंपाक होणाऱ्या घरासाठी हेच सोयीचं.

आता ताटाची परीक्षा. घरातलं सर्वांत मोठं ताट, एक वाटी आणि नेहमीचं पातेलं पिशवीत घालून दुकानात न्या. ताट खालच्या जाळीत उभं करा आणि वरची जाळी आत ढकला. ताट वर अडकतं का? मधला फवाऱ्याचा पंखा हातानं फिरवून बघा, ताटाला थडकतो का? वरची जाळी वर-खाली करता यायला हवी आणि खालचे दात आडवे पाडता यायला हवेत. या दोन सोयी असतील तर पातेल्यांना जागा होते. नसतील, तर बाकी कितीही बटणं असली तरी ते यंत्र आपल्या स्वयंपाकघराचं नव्हे.

पायरी 3 : जागा, पाणी आत, पाणी बाहेर

पूर्ण आकाराच्या यंत्राची उंची साधारण 85 सेंटिमीटर असते. वरचं झाकण काढता येत असेल तर ती 82 पर्यंत येते. आपल्याकडचे जुने ओटे 80 सेंटिमीटरचेही असतात, आणि मग यंत्र ओट्याखाली शिरत नाही. म्हणून ओट्याखालची मोकळी उंची मोजा आणि ती दोन्ही टोकांना मोजा, कारण फरशीला उतार असतो. खोली 60 सेंटिमीटर लागते, मागे नळ्यांसाठी आणखी थोडी सोडा. दार पुढे उघडून आडवं होतं. तेव्हा त्याच्या समोर उभं राहायला जागा उरते का, हेही पाहा. ट्रॉल्या करताना सुतारानं सोडलेली जागा आणि यंत्राची जागा एकच समजू नका. ट्रॉल्यांचं काम सुरू होण्याआधी मॉडेल ठरवा.

पाण्याच्या जोडणीसाठी पाऊण इंची नळ लागतो. दाबाची गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. बहुतेक यंत्रांना किमान 0.3 ते 0.5 बार दाब लागतो. पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे 1 बार. तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर असाल आणि गच्चीवरची टाकी नळापासून जेमतेम तीन मीटर वर असेल, तर मिळणारा दाब 0.3 बारच्या आसपासच राहतो. अशा घरात यंत्र मध्येच थांबून पाणी येत नसल्याचा इशारा देतं आणि दोष यंत्राच्या माथी बसतो. किमान दाबाचा आकडा माहितीपुस्तिकेत असतो, तो घेण्याआधी बघा. कमी पडत असेल तर प्रेशर पंपाचा खर्च धरा.

बाहेर जाणारी नळी सिंकच्या सांडपाण्याच्या पाइपला जोडतात. ती पुस्तिकेत दिलेल्या उंचीपर्यंत वर उचलून मग खाली न्यायची असते, नाहीतर सिंकचं घाण पाणी उलटं यंत्रात येतं. नळीला जोड देऊन ती लांबवणं टाळा. यंत्र सिंकच्या शेजारीच ठेवा.

बंगल्याच्या गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी थेट जोडावं का, असं अनेकांना वाटतं. अनेक यंत्रं 60 अंशांपर्यंतचं पाणी घेतात, पण उन्हाळ्यात सोलरचं पाणी त्याहून जास्त तापू शकतं. पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर थंड पाणीच जोडा.

पायरी 4 : पाण्याची परीक्षा

यंत्र बिघडलं अशा तक्रारींमागे बऱ्याचदा पाणीच असतं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम म्हणजे पाण्याचा जडपणा. पाणी गरम होताच ते पेल्यांवर पांढरा थर बसवतात. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी मिळतं. हे सह्याद्रीतलं पावसाचं पाणी तुलनेनं मृदू असतं. पण त्याच पुण्याच्या कडेला टँकरवर किंवा बोअरवर चालणाऱ्या सोसायटीत चित्र वेगळं असतं. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या बोअरच्या पाण्यानं बादलीच्या कडेला धरणारे थर सगळ्यांनी पाहिलेले असतात.

- वॉटर प्युरिफायरवाले मोजतात तो टीडीएसचा आकडा म्हणजे जडपणा नव्हे. जडपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात, किंवा पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या.
- पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात.
- यंत्राच्या पुस्तिकेत हा आकडा अनेकदा ‘जर्मन अंशां’त असतो. एक जर्मन अंश म्हणजे लिटरला 17.8 मिलिग्रॅम. पाण्याचा जडपणा 400 असेल तर साधारण 22 अंश झाले.
- तुमचा आकडा यंत्राच्या कमाल मर्यादेच्या आत आहे का, ते बघा. नसेल तर घराला वॉटर सॉफ्टनर बसवल्याशिवाय यंत्र घेऊ नका.
- टँकर आणि महापालिका असं दोन्ही पाणी येत असेल तर जास्त जड पाण्याचा आकडा धरा.
- आरओ प्युरिफायरमधून बाहेर पडणारं पाणी वाया जातं असं वाटलं तरी ते यंत्रात वापरू नका. क्षार त्यातच एकवटलेले असतात.

यंत्राच्या तळाशी मिठाचा कप्पा असतो तो याचसाठी. आतल्या रेझिनमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम अडकतं आणि मिठाच्या पाण्यानं ते रेझिन पुन्हा धुतलं जातं. इथे डिशवॉशरचं जाडं मीठच घाला. घरातल्या बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्यं असतात, त्यांनी कप्पा तुंबतो. या कप्प्यात चुकून पावडर पडली तर सॉफ्टनर कायमचा निकामी होऊ शकतो.

पायरी 5 : वीज आणि पाण्याचा हिशेब

पूर्ण आकाराचं यंत्र एका धुण्याला साधारण 9 ते 12 लिटर पाणी घेतं. तुमचा नळ मिनिटाला 6 लिटर सोडत असेल, तर नळ दोन मिनिटं उघडा राहिला की तेवढं पाणी गेलं. मोजपात्र आणि घड्याळ घेऊन हे घरीच ताडून पाहता येतं.

वीज प्रामुख्यानं पाणी तापवायला लागते. निवडलेल्या प्रोग्रॅमनुसार एका वेळी साधारण पाऊण ते दीड युनिट. महिन्याला 25 वेळा यंत्र लावलं तर साधारण 19 ते 38 युनिट धरा आणि त्यांना तुमच्या बिलावरच्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दरानं गुणा, कारण वाढीव युनिट त्याच टप्प्यात पडतात. ‘इको’ प्रोग्रॅम तीन तासांहून अधिक चालतो म्हणून जास्त वीज खात असेल, हा गैरसमज आहे. तो पाणी कमी तापवतो आणि भांडी जास्त वेळ भिजवतो, म्हणून सर्वांत कमी वीज घेतो.

हीटर दोन किलोवॅटच्या आसपासचा असतो. त्यामुळे 16 अँपियरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट हवा. एक्स्टेंशन बोर्ड नको. सॉकेट यंत्राच्या मागे न घेता शेजारच्या कपाटात घ्या, म्हणजे गळती झाली तरी प्लग काढता येतो. घरातला नेहमीचा छोटा इन्व्हर्टर हा भार पेलत नाही. भारनियमनाच्या भागात असाल, तर वीज परत आल्यावर यंत्र थांबलेल्या जागेपासून पुढे सुरू होतं का, हे नक्की विचारा.

पावडर, मीठ आणि रिन्स एड (शेवटच्या पाण्यात मिसळायचा द्रव) हा कायमचा खर्च आहे. पावडरचं प्रमाण भांड्यांनुसार कमी-जास्त करता येतं; टॅब्लेट सोयीची, पण दर खेपेला अख्खी जाते. हातानं भांडी घासायचा साबण किंवा लिक्विड यंत्रात कधीही घालू नका. फेसानं फवाऱ्याचा जोर जातो आणि पाणी बाहेर येतं.

कोणत्या सोयींसाठी जास्त पैसे द्यावेत?

*द्यावेत*
- 65 ते 70 अंशांचा इंटेन्सिव्ह प्रोग्रॅम. काही कंपन्या भारतात तो कढईच्या नावानं विकतात. तेलकट भाजीला आणि मसाल्याला तो लागतोच
- वर-खाली होणारी जाळी आणि आडवे पडणारे दात
- गळती होताच पाणी बंद करणारी सुरक्षा, विशेषतः वरच्या मजल्यावर राहत असाल तर
- शेवटी दार आपोआप किलकिलं होणं. वाट्यांच्या बुडाशी साचणारं पाणी त्यानं लवकर सुकतं

*विचार करून द्यावेत*
- मोबाइलवरून चालू-बंद करण्याची सोय
- डझनभर प्रोग्रॅम. रोजच्या वापरात दोन-तीनच लागतात
- कमी आवाज. स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीला जोडलेलं असेल आणि यंत्र रात्री लावायचं असेल तर 44-46 डेसिबलचं मॉडेल घ्या, एरवी 50 च्या आसपास चालतं

दुकानात विचारायचे प्रश्न

1. आमच्या गावात किंवा तालुक्यात सर्व्हिस कोण देतं? तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणाहून येत असेल तर वॉरंटीनंतर भेटीचे किती पैसे?
2. वॉरंटी संपूर्ण यंत्राची किती वर्षांची आणि फक्त आतल्या स्टीलच्या टाकीची किती? जाहिरातीतली मोठी संख्या बहुधा टाकीची असते.
3. जड पाण्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसतो का?
4. बसवणी मोफत म्हणजे नेमकं काय? नळ, जोडण्या आणि वाढीव नळीचे पैसे वेगळे का?
5. ही किंमत कोणत्या जीएसटी दराची? 22 सप्टेंबर 2025 पासून डिशवॉशरवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. जुन्या छापील किमतीवर दाखवलेली ‘घसघशीत सूट’ कितपत करकपातीचीच आहे, ते बिल बघून ठरवा.

वाढीव वॉरंटीचा करार सही करण्याआधी वाचा. ती कंपनीची आहे की तिसऱ्याच कुणाची, हे त्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

यंत्र सदोष निघालं तर

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 तुमच्या बाजूनं आहे. कागद मात्र जपून ठेवायला हवेत.

- बिल: बिल न देणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या.
- ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’: असा शिक्का मारून सदोष मालाची जबाबदारी झटकता येत नाही. बिलात मुदत दिली नसेल, तर 30 दिवसांच्या आत सदोष माल परत घेण्यास नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे.
- ऑनलाइन खरेदी: खोकं उघडतानाचं चित्रीकरण करा. ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.
- पहिली दाद: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915.
- आयोग: तुम्ही राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि ऑनलाइनही तक्रार दाखल होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची.

तंत्रज्ञ दर वेळी येईल तेव्हा त्याच्याकडून जॉब शीट घ्या. ‘तीनदा येऊन गेला’ हे तोंडी सांगण्यापेक्षा तीन जॉब शीट आयोगापुढे जास्त बोलतात.

पहिल्या महिन्यात होणाऱ्या चुका

भांडी आधी विसळून यंत्रात घालायची गरज नसते. त्यानं पाणी दोनदा जातं. खरकटं मात्र झाडून काढायला हवं. फोडणीतली मोहरी फवाऱ्याच्या भोकांत बसते, कढीपत्ता आणि भाताची शितं फिल्टर तुंबवतात. कणकेचं भांडं तसंच घातलं तर गरम पाण्यानं कणीक शिजून चिकटते, ते आधी पुसून घ्या. करपलेलं दुधाचं पातेलं रात्रभर भिजवल्याशिवाय यंत्राकडून अपेक्षा ठेवू नका.

वाट्या एकीत एक घालू नका. प्रत्येक वाटी पालथी आणि थोडी तिरकी हवी, म्हणजे पाणी निथळतं. मोठं पातेलं खालच्या जाळीत कडेला ठेवा. मधोमध ठेवलं तर वरच्या जाळीपर्यंत फवारा पोचत नाही. फिल्टर आठवड्यातून एकदा काढून वाहत्या पाण्याखाली धुवा.

हळदीनं प्लास्टिकचे डबे पिवळे पडतात, कधी यंत्रातले पांढरे भागही पिवळे होतात. डबे उन्हात ठेवले की बराचसा पिवळेपणा जातो.

पेले पांढुरके दिसू लागले, तर एका पेल्यावर व्हिनेगर चोळा. डाग गेला तर तो क्षारांचा थर आहे. मीठ संपलं का बघा आणि यंत्रात लावलेला जडपणाचा आकडा वाढवा. डाग गेला नाही तर काच झिजते आहे. पावडर कमी करा आणि काचेसाठी सौम्य प्रोग्रॅम लावा.

दुकानाला निघताना

एका कागदावर एवढं लिहून घ्या :
- ओट्याखालची उंची, रुंदी आणि खोली
- पाण्याचा जडपणा
- टाकी आणि नळ यांमधली उंची
- यंत्रात जाणारी रोजची भांडी, मोजून
- 16 अँपियरचा सॉकेट आहे की नाही

कागद खिशात, ताट पिशवीत. विक्रेता ताटाकडे बघून हसला तर हसू द्या, पण ते जाळीत उभं राहून वरची जाळी सरकेपर्यंत कार्ड काढू नका.